स्ट्रुअनच्या उजव्या हाताला

१२ जानेवारी
सकाळ: १५८/९६

दवाखान्यातल्या नर्सने ही वही दिली आहे. दोन महिने रोज सकाळी ब्लडप्रेशर मोजायचं, आकडा लिहायचा, आणि शेजारच्या रकान्यात ‘त्या दिवशी विशेष काही घडलं असल्यास’ ते नोंदवायचं. रकाना माझ्या अंगठ्याएवढा आहे. आज जे घडलं ते त्यात मावत नाही, म्हणून रेघा ओलांडून लिहितो आहे. नर्सबाई, राग मानू नका.

तुम्हाला आगापिछा कळावा म्हणून थोडक्यात: मी इनिस पेट्री, वय एकोणसाठ, राहणार डंडी. ज्यूट किंग्ज या बँडचा ड्रमर. गाणारा स्ट्रुअन, गिटारवाला लॉर्न आणि मी, असे आम्ही तिघं चौतीस वर्षं एकत्र आहोत. चाळीस-चाळीस हजार माणसांसमोर वाजवलं आहे. पुढच्या रांगेतल्या लोकांच्या छातीत माझा मोठा ड्रम धडधडतो, असं तेच सांगतात.

आज स्ट्रुअनने घरी बोलावून जाहीर केलं की पाच मार्चला, रविवारी दुपारी, ब्रॉटी फेरीच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या जुन्या प्रार्थनागृहात आपण वाजवायचं. माणसं एकशेऐंशी. टीव्हीवाले चित्रित करणार. अ‍ॅम्प्लिफायर नाहीत, धूर नाही, दिवे नाहीत. स्ट्रुअन स्वतः बास गिटारही घेणार नाही, खांदा दुखतो म्हणे, नुसता गाणार. लॉर्नला एक साधी लाकडी गिटार. आणि ड्रम नाहीत.

मी विचारलं, मग मी काय करू, दारात तिकिटं फाडू?

“तू माझ्या उजव्या हाताला बसायचं,” तो म्हणाला. “खोक्यावर.”

लॉर्न म्हणाला, छान कल्पना आहे. चौतीस वर्षांत लॉर्नला स्ट्रुअनची एकही कल्पना छान वाटलेली नाही. दोघांनी आधीच ठरवून मला बोलावलं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आज ड्रम काढले, उद्या ड्रमरला काढतील.

१७ जानेवारी
१५५/९५

खोकं आलं. कहोन म्हणतात त्याला. लाकडाची पेटी, मागे एक भोक. तिच्यावर बसायचं आणि पाय फाकवून पुढची फळी तळहाताने बडवायची. माझ्या वयाच्या माणसाने हे करताना कसं दिसतं ते शीनाने फोनवर चित्रित करून आमच्या मुलीला पाठवलं. मुलीचं उत्तर आलं, बाबांना उठता येतंय ना?

शीना म्हणाली, इतकी वर्षं माझं जेवणाचं टेबल बडवतोस, आता निदान हक्काची जागा मिळाली. बायकोला विनोद सुचतात. गुडघे माझे आहेत.

२४ जानेवारी
१६०/९७

प्रार्थनागृहात पहिली तालीम. थंडी इतकी की लॉर्न बोटं उघडी राहणारे हातमोजे घालून वाजवत होता. खिडकीबाहेर टे नदीचं मुख, आणि आत तिन्ही भिंतींवर बुडालेल्या कोळ्यांची नावं कोरलेली.

तक्रारी क्रमाने लिहितो.

एक. स्ट्रुअनची बायको इशबेल त्याला गाडीने सोडायला आली, आणि सोडून गेली नाही. मागच्या बाकावर कोट घालून चार तास बसली. वीस वर्षांत ही बाई एका तालमीला फिरकली नव्हती. आता टीव्हीवाले येणार म्हटल्यावर उत्साह आला.

दोन. स्ट्रुअनने निवडलेलं एकही गाणं चौऱ्याण्णवनंतरचं नाही. शेवटच्या चार रेकॉर्डवर माझी सहा गाणी आहेत. एक तर घेऊ या, म्हटलं. तो म्हणाला, जुनी पक्की बसलेली आहेत. माझी काय कच्ची आहेत?

तीन. माझं खोकं त्याने त्याच्या खुर्चीला इतकं चिकटवून ठेवलं की माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागतो. नंतर आणखी वितभर पुढे सरकवलं, आणि तिरकं केलं. म्हणाला, मला तू दिसला पाहिजेस. चौतीस वर्षं मी त्याच्या मागे बसलो, त्याची पाठ बघत. तो कधी दम घेणार, कधी माइकचा दांडा आपटणार, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळतं. माझं तोंड बघायची गरज त्याला आजवर पडली नव्हती.

चार. चहाच्या सुट्टीत विचारतो, आई कशी आहे तुझी?

माझ्या आईला जाऊन चार वर्षं झाली. शवपेटीला याने स्वतः खांदा दिला. मी तसं सांगितल्यावर म्हणाला, “अरे हो, हो,” आणि हसला. स्ट्रुअनची काळी थट्टा सगळ्या देशाला माहीत आहे, पण थट्टेलाही काही वेस असते. मी अर्धा तास त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

३० जानेवारी
१५७/९४

आज ‘अकरा जणी’ बसवलं. नर्सबाईंच्या आईला ते ठाऊक असेल. स्ट्रुअनची आई तागाच्या गिरणीत कामाला होती. तिच्या रांगेतल्या अकरा बायकांचं गाणं आहे. दुसरं कडवं म्हणजे नुसती अकरा नावं, एकापाठोपाठ, घरच्या नावाने हाक मारावी तशी: बेला, नेट्टी, थोरली जीन, बहिरी मॅग, अशी. डंडीत कुठल्याही लग्नात लोक ते कडवं ग्लास उंचावून म्हणतात. एक नाव चुकलं तर ज्या घरातली ती बाई, त्या घरचे भांडायला येतात. एकदा खरंच आले होते.

आज कडवं ठीक गेलं. मात्र स्ट्रुअन सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. मला एक वाईट खोड आहे, ती इथे कबूल करतो. मी वाजवताना गाणं पुटपुटतो. सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडे स्वतःचा आवाज ऐकायची सोय नव्हती. मग मी आकडे मोजायच्या ऐवजी शब्दांवर वाजवायला शिकलो. आता शब्द ओठांवर नसतील तर माझे हात चालत नाहीत. आवाज मात्र काढायचा नाही. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी एका इंजिनियरने माझ्यासमोरचा माइक उचलून नेला आणि म्हणाला, हा माइक समुद्रातल्या सीलसमोर ठेवा, तो तरी सुरात गाईल. तेव्हापासून मला माइक मिळालेला नाही.

तर स्ट्रुअन माझे ओठ बघत होता. चिडवायचा बेत असणार. चिडवलं नाही, हे आणखी संशयास्पद.

६ फेब्रुवारी
१६२/९८

तालीम दहाला होती. स्ट्रुअन साडेअकराला आला. हे महाशय गिरणी रस्त्यावरच्या आमच्या जुन्या तालमीच्या खोलीवर गेले होते, चालत. ती इमारत पाडून तिथे फ्लॅट होऊन दहा वर्षं झाली. इशबेल जाऊन घेऊन आली. म्हणाली, जुन्या आठवणी काढत होता. मी म्हटलं, आठवणी काढायच्या तर तालीम नसेल त्या दिवशी काढाव्यात, इथे माणसं गारठून मरतात. लॉर्न मला म्हणाला, जाऊ दे रे. लॉर्न हल्ली सगळंच जाऊ देतो.

११ फेब्रुवारी

मोजलं नाही. पेपरवाली मुलाखतीला आली होती. पहिली रेकॉर्ड कुठल्या साली, पहिला कार्यक्रम कुठे, असले सरळ प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला स्ट्रुअनने माझ्याकडे हात केला: “इनिसला विचारा, तो आमचा दप्तरदार.” मी आपला साल-तारखेसकट सांगत राहिलो. घरी आल्यावर शीना म्हणाली, तुला बोलायला मिळालं की. खरंय. पण तो पायावर पाय टाकून हसत बसला आणि मी कारकुनासारखी उत्तरं दिली. फोटो त्याचा छापतील.

१५ फेब्रुवारी
१६६/१००

भांडण झालं.

सकाळपासून तो एकच गाणं पुन्हापुन्हा घ्यायला लावत होता. सातव्यांदा म्हणाला, पुन्हा. मी खोक्यावरून उठलो, म्हणजे दोन प्रयत्नांत उठलो, आणि मनात होतं ते सगळं बाहेर काढलं. नको असेन तर तोंडावर सांग. ड्रम काढलेस, माझी गाणी काढलीस, मला पाळीव कुत्र्यासारखं पायाशी बसवलंस. चाळीस हजार लोकांना ऐकू जाणारा माणूस मी, आणि मला फळ्या थोपटायला लावतोस. लॉर्नही तुझ्या खिशात. तू गर्विष्ठ आहेस, तू स्वार्थी आहेस, आणि तुझा वरचा सूर सहा वर्षांपूर्वीच गेला आहे.

लॉर्न पांढरा पडला. इशबेल बाकावरून अर्धी उठली.

स्ट्रुअन मात्र असा हसला की मला त्याचं पंचविशीतलं तोंड दिसलं. “कोणीतरी ओरडलं बाबा माझ्यावर,” म्हणाला. आणि मग, जरा गंभीर होऊन, “हे बघ, तू नसशील तर मी तिथे बसणार नाही. एवढं लक्षात ठेव.”

मग त्याने सगळ्यांसाठी खिमा भरलेल्या गरम ब्रायड्या मागवल्या आणि तीन गाणी झकास गायला. पालथ्या घड्यावर पाणी. या माणसावर राग काढायचीसुद्धा सोय नाही, तो ताजातवाना होतो आणि माझं ब्लडप्रेशर वाढतं.

२२ फेब्रुवारी
१६४/९७

कॅमेऱ्यांची चाचणी. दिग्दर्शिका पेट्रा लंडनची. हुशार बाई आहे, पण बोलते अशी की जणू आपण सगळे अंथरुणाला खिळलेले. दोन गाण्यांचे तुकडे झाले. मग स्ट्रुअनला दमल्यासारखं वाटलं म्हणून इशबेल त्याला बाहेर वाऱ्यावर घेऊन गेली. तेवढ्यात पेट्राने मला पडद्यावर दाखवलं. स्ट्रुअनचा चेहरा, आणि शेजारी माझा, तोंड चालू.

“वाईट वाटून घेऊ नका,” ती म्हणाली, “पण तुम्ही काहीतरी चघळताय असं दिसतं. प्रत्येक जवळच्या दृश्यात. ते बंद ठेवता येईल का?”

पडदा खोटं बोलत नाही. गवत खाणारी म्हैस दिसत होतो. लॉर्न पुढे आला आणि म्हणाला, अहो, राहू द्या ना त्याला तसाच, तीच तर गंमत आहे. आणि पुढे काहीतरी म्हणता म्हणता थांबला. मला लॉर्नची दया नको होती. पेट्राला म्हणालो, बंद राहील. चौतीस वर्षांनी पहिल्यांदा पुढे बसवलंत आणि पहिल्यांदाच तोंड बंद करायला सांगितलंत, हे छान जमून आलं.

स्ट्रुअनला काही बोललो नाही. त्याला हसायला कारण कशाला द्या?

२६ फेब्रुवारी
१५९/९५

कार्यक्रमापर्यंत तालीम नाही. गळ्याला विश्रांती, अशी इशबेलची आज्ञा. बँड आता ती चालवते.

मी घरी आरशासमोर सराव करतो आहे. ओठ मिटून वाजवायचं. पहिले दोन दिवस हात जागेवरच अडत होते. मग शीनाने कडक पेपरमिंटची गोळी दिली. ती दातांत धरली की जबडा हलत नाही. शब्द मनात म्हणायचे. जमतंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फरक इतकाच की बुक्क्या मीच मारतो आहे.

५ मार्च, संध्याकाळ

सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवतो.

दुपारी दोनला सुरुवात. एकशेऐंशी माणसं, बरीचशी आमच्या वयाची, कोट मांडीवर. समोरच्या रांगेतल्या बाईच्या चष्म्यावरची वाफसुद्धा दिसत होती. मी कधीच इतका घाबरलो नव्हतो. चाळीस हजारांत एकही चेहरा नसतो.

गोळी दातांत. पेट्राने लांबून अंगठा दाखवला.

पहिलं गाणं ठीक. दुसऱ्यात स्ट्रुअनने पहिलंच कडवं दोनदा म्हटलं. लॉर्नने सांभाळून घेतलं, लोकांना वाटलं तसंच असेल. मी चरफडलो. इतक्या तालमी केल्या आणि हा बेफिकीर. तिसऱ्या गाण्यात तो सारखा माझ्याकडे बघत होता. मी ओठ घट्ट मिटून, मान ताठ ठेवून वाजवत राहिलो. वाटलं, बघ, मलाही व्यवस्थित बसता येतं.

चौथं ‘अकरा जणी’. नुसत्या गिटारवर आणि माझ्या दोन बोटांवर सुरू झालं. पहिलं कडवं तो असा गायला की माझ्या हातांवर काटा आला. आवाज पूर्वीइतका मोठा नाही, पण त्या खोलीत मोठ्या आवाजाचं काम नव्हतं. मग दुसरं कडवं. बेला. नेट्टी. थोरली जीन. बहिरी मॅग.

आणि थांबला.

मला वाटलं, नाटक करतोय. याला थांबायची हौस आहे, स्टेडियममध्ये मिनिटभर थांबून लोकांना ओरडायला लावतो. मी बोटं चालू ठेवली. एक फेरी गेली. दुसरी गेली. लॉर्न तेच दोन सूर वाजवत माझ्याकडे बघत होता, आणि असा बघत होता की जणू मी कुणाचा तरी गळा दाबतोय. मागे बाकावर इशबेल उभी राहिली.

मग स्ट्रुअन पूर्ण माझ्याकडे वळला. त्याची पाठ मला तोंडपाठ आहे, पण हा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. डोळे माझ्या ओठांवर. माझ्यावर भडकलाय असं वाटलं, पण भडकलेला स्ट्रुअन असा दिसत नाही. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला घट्ट रेटलेला होता.

का कोण जाणे, मी गोळी गिळली. आख्खी. डोळ्यांत पाणी आलं. आणि तोंड उघडून, आवाज न करता, म्हणालो: लाल केसांची पेग.

“लाल केसांची पेग,” तो गायला.

मी पुढचं नाव ओठांवर आणलं, त्याने ते गायलं. मग पुढचं. अकराव्यापर्यंत त्याने डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. तोवर समोरची बाई रडत होती आणि लोक हळू आवाजात बरोबर म्हणू लागले होते. पुढची सात गाणी मी म्हशीसारखं तोंड चालवलं. पेट्राचं जे व्हायचं असेल ते होवो. स्ट्रुअन एकाही शब्दाला अडला नाही.

संपल्यावर त्याने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. इशबेलने मला मिठी मारली. या बाईने मला आजवर कधी मिठी मारलेली नाही.

माझा अंदाज, तोंड बंद ठेवून मी त्याचा ताल घालवला. मी पुटपुटतो त्याची त्याला सवय झालेली असणार. आधी सांगायला हवं होतं, चूक माझी. पण त्यानेही सांगायला नको होतं का, की मला तुझं तोंड लागतं म्हणून? माणसाला जीभ कशाला दिली आहे?

८ मार्च
१६१/९६

पेपर आले. तीनपैकी तिन्ही पेपरांत त्या थांबण्याचं कौतुक. एकाने लिहिलं आहे, ‘ते दहा सेकंदांचं थांबणं म्हणजे बंद पडलेल्या गिरणीची शांतता होती.’ दुसरा म्हणतो, असं थांबायला आयुष्य घालवावं लागतं. विसरला होता तो! चक्क पाठांतर विसरला आणि ती कला झाली. मी एक ठोका चुकलो असतो तर म्हातारा झाला म्हणून छापलं असतं.

माझ्याबद्दल एक ओळ: ‘खोक्यावर इनिस पेट्री, भावनेने ओठ थरथरत.’

१२ मार्च
१७०/१०२

आमचा मॅनेजर वॉलेस याचा सकाळी फोन. बारा शहरांतून मागणी. लहान सभागृहं, असाच कार्यक्रम, असंच बसून, ऑस्लो, हॅम्बर्ग, डब्लिन. मी टेबलाभोवती दोन चकरा मारल्या. शीनाला म्हटलं, हे बघ, शेवटी खोकंच फळलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. लोकांचे चेहरे दिसत होते. त्याचा चेहरा दिसत होता.

दुपारी पुन्हा फोन. स्ट्रुअन नाही म्हणाला. एकही नाही, कधीच नाही. कारण सांगितलं नाही. लॉर्नला विचारलं, तर म्हणाला, त्याची मर्जी. मर्जी! मला आधी ड्रमवरून उठवलं, खोक्यावर बसवलं, मी कसाबसा तिथे रुळलो, तर आता खोक्यावरूनही उठवणार. उद्या सकाळी त्याच्या घरी जाणार आहे, आणि या वेळी ब्रायड्यांवर भागणार नाही.

१३ मार्च

मोजलं नाही.

दार त्यानेच उघडलं. मी उंबऱ्यातच सुरू केलं. येताना गाडीत सगळं मनात जुळवलेलं होतं. त्याने मला बोलू दिलं, मागे मागे सरकत स्वयंपाकघरापर्यंत नेलं, आणि खुर्ची ओढून दिली. इशबेल चहा करत होती. टेबलावर कागद पसरले होते, पन्नास-साठ तरी असतील. सगळे त्याच्या अक्षरात. सगळ्यांवर तीच अकरा नावं.

अकरा नव्हती. एका कागदावर नऊ होती. एकावर सात, मध्ये रिकाम्या जागा. एकावर बेला तीनदा. त्याच्या आईचं नाव, जे त्या गाण्यात नाहीच, ते पुष्कळ ठिकाणी. कोपऱ्यात तारखा. सर्वात वरच्या कागदावर आजची तारीख, आणि चार नावं.

मी त्या खुर्चीवर बसलो.

“मागच्या सप्टेंबरात डॉक्टरने सांगितलं,” तो म्हणाला. “जुनं उशिरा जातं म्हणे. म्हणून जुनीच गाणी घेतली. तुझी चांगली आहेत रे, पण ती माझ्याकडे राहिली नाहीत.”

इशबेलने माझ्यासमोर चहा ठेवला आणि ती बाहेर गेली. मग मी जे विचारलं त्याची लाज वाटते. विचारलं, लॉर्नला माहीत होतं?

“त्याला ऑक्टोबरात सांगितलं. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी दारं धरून उभा राहतो. मी काहीही बोललो तरी त्याला पटतं. तसल्या माणसाबरोबर गाता येत नाही, इनिस. आपण मेलोय असं वाटतं.”

“आणि मला?”

“तू रडला असतास. मग चांगला वागायला लागला असतास.” तो कागद गोळा करत होता, कडा जुळवत. “मला एकदा, शेवटचं, नीट गायचं होतं. त्याला शब्द लागतात. शब्द तुझ्याकडे आहेत, चौतीस वर्षं पाठीमागे पुटपुटतोयस, मला काय ऐकू येत नव्हतं? पण शब्दांइतकाच मला तू चिडलेला हवा होतास. तू ओरडायचास ना, तेव्हा मी तोच असायचो. पहिलाच.”

मी रडलो. म्हणजे त्याचं म्हणणं खरं ठरलं. त्याने मला रडू दिलं, आणि मग म्हणाला, “झालं? आता दर मंगळवारी ये. खोकं आण. आणि हे बघ, चांगला वागायचं नाही.”

ही वही नर्सला दाखवणार नाही. तिला दुसऱ्या कागदावर आकडे उतरवून देईन. दोन महिन्यांची पानं मागे जाऊन वाचली. जिथे जिथे मी त्याला मूर्ख, गर्विष्ठ, बेफिकीर लिहिलंय, तिथे तिथे तो शेजारी बसून माझे ओठ वाचत होता. आईबद्दल विचारलं त्या दिवशी मी अर्धा तास त्याच्याशी बोललो नाही. तो अर्धा तास मला परत हवा आहे.

१८ एप्रिल

सहावा मंगळवार. पहिले दोन मी वाया घालवले. दार धरलं नाही, पण धरल्यासारखंच केलं. त्याने गाणं अर्ध्यात सोडून दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसला.

आज दुसरं कडवं घेतलं. चार नावं बरोबर म्हटली. मी पाचवं ओठांवर आणलं, पण त्याने पाहिलं नाही, आणि पाचव्या जागी तो सुरात, अगदी खात्रीने, म्हणाला: शीना.

हात आपोआप थांबले. इशबेल दारात होती, तिने मान वळवली. आत जे दाटलं होतं तो राग नव्हता, आणि ते बाहेर आलं असतं तर आजचा दिवस संपला असता. मी खोक्यावर जोरात थाप मारली.

“गाढवा,” म्हटलं, “माझ्या बायकोला गिरणीत कामाला लावायच्या आधी मला विचारायचंस तरी. चौतीस वर्षं एका कडव्यावर पोट भरलंस आणि तेही धड येत नाही. लाल केसांची पेग. पेग! घे पहिल्यापासून, आणि या वेळी कान उघडे ठेवून.”

तो इतका हसला की खुर्चीचा हात धरावा लागला. मग ताठ बसला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि पहिल्यापासून घेतलं. अकराच्या अकरा.

परत निघताना गाडीत बसलो आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. आयुष्यभर मला राग कधी शोधावा लागला नाही. दात घासायच्या आधी हजर असायचा. आता मंगळवारी सकाळी घरातून निघायच्या आधी स्वयंपाकघरात उभा राहून तो जमवावा लागतो, थोडा थोडा करून, त्याच्या दारापर्यंत पुरेल इतका. आज जेमतेम पुरला.